शिकणार ती, पण सही कुणाची?

बारावीचा निकाल लागला, की आमच्या दाराशी दोन प्रकारच्या मायलेकी येतात. एक पेढे घेऊन येणाऱ्या आणि दुसऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येणाऱ्या. पेढेवाल्या दारातच दोन मिनिटं बोलून जातात. पिशवीवाल्या मात्र बसतात. चहा होतो, पावसापाण्याचं बोलणं होतं, आणि मग पिशवीतून हळूच गुणपत्रिका बाहेर निघते. ‘‘काकू, मार्क चांगले पडलेत. पण घरून काही व्हायचं नाही. कसं करायचं?’’

मैत्रिणींनो, मी काही मोठी समाजसेविका वगैरे नाही. बी.ए. झालेली, दोन मुलांची आई, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी संसार करणारी बाई. बचत गटाच्या निमित्तानं घराघरांत जाणं-येणं वाढलं, तहसील कचेरीच्या पायऱ्या पाठ झाल्या, आणि ‘फॉर्म भरायला मदत करणाऱ्या काकू’ अशी ओळख होऊन बसली. किती मुलींचे फॉर्म भरले ते मोजलं नाही. पण एवढ्या वर्षांत एक कळलं. ‘घरून काही व्हायचं नाही’ या एका वाक्याचे दोन अर्थ असतात. एका घरात पैसा नसतो. दुसऱ्या घरात पैसा असतो, पण तो मुलीच्या शिक्षणासाठी नसतो. पहिल्या मुलीसाठी सरकारदरबारी, संस्थांकडे काही ना काही सोय आहे. ती मिळवताना जीव मेटाकुटीला येतो, पण आहे. दुसरीसाठी मात्र जवळजवळ काहीच नाही. कारण कागदावर ती गरीब नसतेच! आणि दोघींच्याही वाटेत एक गोष्ट उभी असते, ती म्हणजे बापाचा कागद.

आधी पहिलीची गोष्ट सांगते. नाव लिहीत नाही, कारण गाव लहान आहे.

हिचे वडील ती चौथीत असतानाच घर सोडून गेले. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. मायलेकी मामाच्या घरामागच्या खोलीत राहतात. २०२४ साली मुलगी बारावी सायन्सला उत्तम मार्कांनी पास झाली, सीईटीही चांगली गेली. इंजिनिअरिंग करायचं म्हणत होती. त्याच वर्षी जुलैमध्ये शासनाचा निर्णय आला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मीच होती. अट एवढीच, की प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नव्हे. टीव्हीवर बातमी बघून आई पळतच आली. ‘‘ताई, फुकट झालं म्हणं!’’

फुकट झालं खरं, पण मुलगी ओबीसीत आहे हे सिद्ध कशानं करायचं? जातीचा दाखला, त्यावर जात पडताळणी, शिवाय नॉन-क्रिमीलेअर. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे वडिलांच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर त्यांच्याही मागचं काही. आणि हे सगळं वडिलांकडच्या नात्यातलं. ज्या बापानं आठ वर्षांत पोरीला एक फ्रॉक आणला नाही, त्याच्या वडिलांचा दाखला पोरीच्या फायलीला हवा!

आईनं आधी चुलत्याकडे निरोप धाडला. चुलत्याला वाटलं, या आता जमिनीचा हिस्सा मागायला आल्या. त्यानं दार उघडलं, पण कागद काही काढला नाही. ‘‘शोधून ठेवतो’’ म्हणाला. असे दोन हेलपाटे झाले. मग आम्ही दोघी एक दिवस एस.टी.नं त्या गावी गेलो आणि चुलत्याच्या घराकडे न वळता सरळ जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. हे मुद्दाम सविस्तर सांगतेय, कारण बऱ्याच बायकांना माहीत नसतं. आजोबा ज्या शाळेत शिकले, त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये त्यांची नोंद असते, आणि अर्ज केला की मुख्याध्यापक त्याचा निर्गम उतारा देऊ शकतात. त्यासाठी चुलत्याच्या पाया पडायची गरज नाही. शाळेतल्या गुरुजींनी कपाटावरचं लाल फडक्यातलं गाठोडं खाली घेतलं, धूळ झटकली आणि तासभर पानं उलटली. सापडलं! आजोबा इयत्ता तिसरीत शाळा सोडून गेले होते. ‘शेरा’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘गुरे राखण्यासाठी’. आई ते अक्षर कितीतरी वेळ बघत होती. तिला वाचता येत नाही. मुलीनं वाचून दाखवलं.

कागद जमले, प्रवेशही मिळाला. आणि मग कॉलेजातून कळलं, की माफ झालीय ती शिक्षण फी आणि परीक्षा फी. वसतिगृहाचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ हप्ता, विकास निधी आणि बाकीचं बारीकसारीक धरून एकतीस हजार दोन दिवसांत भरा. शिवाय खिडकीवरचे साहेब शिक्षण फीबद्दलही ‘‘आम्हाला लेखी आदेश आल्यावर बघू’’ म्हणत होते. शासन निर्णयाची प्रत मोबाइलवरून झेरॉक्सच्या दुकानात काढून त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी मान हलवली. पण एकतीस हजारांचं काय?

माझ्या मते सगळं घोडं अडतं ते इथंच. शिष्यवृत्त्या कमी आहेत असं नाही. अनुसूचित जातींच्या मुलांची भारत सरकारची शिष्यवृत्ती तर स्वातंत्र्याच्याही आधीपासूनची, १९४४ सालापासूनची. पण सगळ्यांची तऱ्हा एकच, पैसे मागाहून येतात. महाडीबीटीवर अर्ज, आधार जोडलेलं बँक खातं, कॉलेजची मंजुरी, वरची मंजुरी... तोवर दिवाळी जाते, कधी उन्हाळा येतो. ज्या घरात पैसा आहे, तिथं बाप आत्ता भरतो आणि शिष्यवृत्ती मागून घेतो. ज्या घरात तो नाही, तिथं जुलैचे पैसे जानेवारीत मिळून काय उपयोग? म्हणजे शिष्यवृत्ती असूनही पहिली रक्कम हातात असावी लागते. ही मधली रक्कम कुणी द्यायची, यावर मुलीचं कॉलेज ठरतं.

आम्ही तो विषय गटाच्या बैठकीत मांडला. आमच्या गटात चौदा जणी. महिन्याला दोनशे रुपये बचत, आणि अंतर्गत कर्जाला शेकडा दोन व्याज. आजारपणाला, म्हशीला, लग्नाला गट लगेच कर्ज देतो. शिक्षणाला तोवर कुणी मागितलंच नव्हतं. एक जण स्पष्टच म्हणाली, ‘‘म्हैस दूध देती, त्यातनं हप्ता जातो. पोरगी चार वर्षांनी सासरी जाती. कर्ज कोण फेडंल?’’ तिचं बोलणं खोटं नव्हतं. आपल्या पैशाची काळजी करणारी बाई ती, तिला नावं ठेवायचं कारण नाही. त्यावर आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजी, कधी बैठकीत फारशा बोलत नाहीत, म्हणाल्या, ‘‘लग्नाला देतोस की कर्ज. लग्न काय दूध देतं व्हय गं?’’ सगळ्या हसल्या आणि ठराव झाला. शिक्षणासाठी शेकडा एक व्याज, आणि परतफेड पहिल्या वर्षी फक्त व्याजाची. वीस हजार गटातून, मामानं पाच, आणि बाकीचे आईच्या कानातले मोडून. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीणचे दीड हजार सुरू झाले, ते तिनं हात न लावता मुलीच्या मेसला पाठवले.

आपल्याकडे कानातले मोडून शिकवण्याची रीत जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील सगळ्यांना ठाऊक असतात. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. पण त्या वसतिगृहातली वेगवेगळ्या जातींची मुलं जेवू घालायला घरात काही उरलं नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा विकलं. १९३० साली त्या गेल्या. आमच्या साताऱ्याकडे अजून त्यांचं नाव आदरानं घेतात. त्याआधीच्या काळात गरीब मुलं वार लावून जेवायची, माधुकरी मागायची. आज या घरी, उद्या त्या घरी. त्याचं मोठं कौतुक होतं आणि त्यातून शिकून मोठी झालेली माणसंही खूप. पण एक लक्षात घ्या, वार मुलग्यांचे असत. मुलगी सात घरी ताट घेऊन कशी जाणार? पैसा नसलेल्या घरातल्या मुलीला शिकायचं तर डोक्यावर छप्पर आधी लागतं, पुस्तक मागून. आजही मला वाटतं, मुलींसाठी फीमाफीइतकीच, किंबहुना जास्त, मोलाची गोष्ट म्हणजे चांगलं वसतिगृह. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात, मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. नावं लक्षात ठेवा, आणि कॉलेजच्या कार्यालयात नावानिशी विचारा. ‘‘काही योजना आहे का हो?’’ असं विचारलं, की ‘‘नाही’’ हेच उत्तर येतं.

मी स्वतः ‘कमवा व शिका’वर बी.ए. झाले. आम्ही तीन बहिणी आणि एक भाऊ. माझे वडील काही वाईट नव्हते. भावाला डिप्लोमाला घातला आणि माझी बारावी होईतो खिसा रिकामा झाला, इतकंच. १९९८ साली मी तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलं आणि ‘कमवा व शिका’चा फॉर्म भरला. सकाळी साडेसहाला बागेला पाणी घालायचं, मग ग्रंथालयात पुस्तकांची धूळ झटकायची, फाटलेल्यांना खळ लावून पाठी चिकटवायच्या. नऊला हातपाय धुऊन वर्गात. महिन्याकाठी साडेतीनशेच्या आसपास हातात यायचे. काही मुली ‘‘ही माळीण आली बघ’’ म्हणायच्या. पण त्या खळीच्या वासात मी जितकं वाचलं, तितकं त्या वर्गात बसून कुणी वाचलं नसेल!

ही योजना कर्मवीरांच्या विचारातून आलेली. शिकणाऱ्यानं श्रम करावेत आणि श्रमावर शिकावं. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली निघालं ते याच पायावर. आज पुणे विद्यापीठातही कर्मवीरांच्याच नावानं ती चालते. मला या योजनेबद्दल माया आहे. पण तिच्या नावानं आजच्या मुलींना उपदेश करणाऱ्यांचा मला राग येतो. ‘‘आम्ही नाही का कष्ट करून शिकलो? इच्छा असली की मार्ग सापडतो!’’ अहो, तुमच्या-माझ्या वेळी बी.ए.ची वर्षाची फी काही शेकड्यांत होती. सकाळचे दोन-अडीच तास राबून ती निघायची. आज विनाअनुदानित कॉलेजात फार्मसीची फी भरायला कुणी बागेला पाणी घालून दाखवावं! अनुदानित कॉलेजात बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या मुलीची कमाईतून पास, पुस्तकं आणि चहा-नाश्ता निघतो. एस.टी.चा फुकट पास मुलींना बारावीपर्यंतच. पुढे विद्यार्थ्यांच्या सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. तीच सवलत मोठी, पण ती रोख लागते. फॉल-पिको, मेंदी, चौथी-पाचवीच्या शिकवण्या, मेडिकल दुकानाचा काउंटर, डाळिंबाच्या पॅकिंगचं शेड, आमच्याकडच्या मुली हे सगळं करतात. शिकवण्या त्यातल्या त्यात बऱ्या. अभ्यास सुटत नाही आणि संध्याकाळी घराजवळच काम होतं. पॅकिंगला पैसा जास्त, पण हंगामात कॉलेजची हजेरी बुडते, आणि हजेरी बुडाली की शिष्यवृत्ती अडते. एका हातानं कमवायचं आणि दुसऱ्या हातानं घालवायचं, असं होतं.

आता दुसरी मुलगी. हिची गोष्ट सांगायला अवघड आहे, कारण तिच्या घरी गेलं की बसायला सोफा असतो.

वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, दुमजली घर, रानात ऊस. मुलाला पैसे भरून पिंपरीकडे इंजिनिअरिंगला घातलेला. मुलगी २०२४ सालीच बारावी कॉमर्सला कॉलेजात दुसरी आली. तिला सी.ए. व्हायचं होतं. वडील म्हणाले, ‘‘घरी बसून बी.कॉम. कर, बाहेरून फॉर्म भर. तुझ्या लग्नाचं सगळं मी करून ठेवलंय.’’ खरंच केलं होतं. दहा तोळे तयार होते. मी समजवायला गेले तेव्हा त्यांनी मान राखून चहा दिला आणि म्हणाले, ‘‘वहिनी, तुमचं पटतंय. पण मुलगी जेवढी शिकेल, तेवढा शिकलेला मुलगा बघावा लागतो. आणि शिकलेल्या मुलाकडचे मागतात किती, ते तुम्हाला माहितीय.’’ मैत्रिणींनो, या युक्तिवादावर मी आजवर अनेक घरांत निरुत्तर झालेय. हुंडा कायद्यानं बंद आहे हे त्यांना मी सांगायचं, आणि गावातली परवाचीच दोन लग्नं त्यांनी मला सांगायची!

या मुलीला कुठली योजना? उत्पन्न ८ लाखांच्या वर. आणि समजा कमी असतं, तरी उत्पन्नाचा दाखला वडिलांच्या सहीनं, वडिलांच्या कागदांवर. शैक्षणिक कर्ज काढायचं, तर बँक आई-वडिलांपैकी कुणाला तरी सहकर्जदार करून घेते. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही हे बरोबर, पण सहकर्जदाराची सही लागते. वडील ‘नाही’ म्हणाले, की तो रस्ता बंद. गरिबाघरी हीच सही दुसऱ्या कारणानं अडते. बाप द्यायला तयार असतो, पण त्याचं सोसायटीचं पीककर्ज थकलेलं असतं आणि बँकेच्या संगणकावर ते दिसतं. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत तारणही नको आणि जामीनदारही नको, पण ती देशातल्या निवडक नामांकित संस्थांसाठी. आमच्या तालुक्यातल्या किती मुली तिथवर पोचणार?

कायदा काय म्हणतो तेही मी विचारून घेतलं. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात, स्वतःचं भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला सांभाळणं ही आई-वडिलांची जबाबदारी आहे, आणि ‘निर्वाह’ म्हणजे नुसतं अन्न-वस्त्र नव्हे, त्यात शिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२५ च्या जानेवारीत एका घटस्फोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं, की शिक्षणाचा खर्च आई-वडिलांकडून मिळवणं हा मुलीचा हक्क आहे. वाचून बरं वाटतं. पण ज्या बापाच्या घरात रात्री झोपायचं, त्याच्यावर अठरा वर्षांची पोर दावा लावणार का? वकील कोण देणार? कोर्टाची तारीख पडेपर्यंत तिचं लग्न होऊन जाईल. मी कुठल्याच मुलीला ‘घर सोड, भांड’ असं सांगत नाही. शहरातल्या बायका लेखात सहज लिहितात, ‘बंड करा.’ पण बंड केल्यावर रात्री जायचं कुठं, हे त्यात नसतं.

मग या मुलीनं काय केलं? तिनं बंड केलं नाही, पण ती बसूनही राहिली नाही. वडिलांनी बाहेरून बी.कॉम. म्हटलं होतं, तिनं आईला मध्ये घालून गावातल्याच अनुदानित कॉलेजात नाव घातलं. दारातून निघून दारात परत यायचं, म्हणून ते चाललं. फी थोडी होती, ती आईनं भिशीतून भरली. एका कर सल्लागाराच्या ऑफिसात दुपारी जीएसटीची बिलं संगणकावर चढवायचं काम तिनं धरलं, महिना चार हजार. वडिलांना ते चाललं, कारण सल्लागार त्यांच्याच दुकानाचा हिशोब बघतो. आणि सी.ए.ची एक गोष्ट तिनं स्वतः शोधून काढली. ती परीक्षा देताना सगळी वर्षं कॉलेजची मोठी फी भरत बसावं लागत नाही. मधला टप्पा पार झाला, की सी.ए.कडे दोन वर्षं उमेदवारी करायची, आणि त्या उमेदवारीत उलट आपल्यालाच विद्यावेतन मिळतं. पैसा नसलेल्या किंवा मिळत नसलेल्या मुलींनी अशा वाटा शोधाव्यात असं माझं आग्रहाचं सांगणं असतं. जिथं शिकता शिकता वेतन मिळतं तिथं आधी बघा.

तरी सुरुवातीची नोंदणी फी, परीक्षा फी उभी करायची होतीच. आणि एक दिवस तिची आई डब्यातून पोस्टाचं पासबुक घेऊन आली. सुकन्या समृद्धीचं! २०१५ च्या जानेवारीत ही योजना निघाली, तेव्हा पोस्टमननं आग्रह करून गावात बऱ्याच जणांना खाती काढायला लावली होती. मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. वडील तेव्हापासून महिन्याला हजार रुपये भरत आलेले, अर्थात ‘लग्नासाठी’. आई मला विचारत होती, यातले थोडे उचलता येतात का?

येतात. मुलगी दहावी झाली किंवा अठरा वर्षांची झाली, की आधीच्या आर्थिक वर्षाअखेर जी शिल्लक असेल तिच्या निम्म्यापर्यंत रक्कम उच्च शिक्षणासाठी काढता येते. संस्थेचं प्रवेशाचं पत्र आणि फीची पावती किंवा फीपत्रक दाखवावं लागतं, आणि त्यात जेवढी फी दिसते तेवढेच पैसे मिळतात. क्लासची फी त्यातून निघाली नाही. पण खरी गोष्ट पुढेच आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली, की ते खातं मुलगी स्वतः चालवते. सही तिची! तिनं आधार, पॅन दिलं, फॉर्म भरला आणि स्वतःच्या सहीनं स्वतःच्या शिक्षणाचे पैसे काढले. आमच्या सगळ्या खटपटीत पहिल्यांदा अशी सही बघितली, जिला बापाच्या सहीची जोड लागली नाही.

घरी स्फोट झालाच. वडील म्हणाले, ‘‘ते लग्नाचे होते.’’ ती म्हणाली, ‘‘पप्पा, पासबुकावर नाव माझं आहे, लग्नाचं नाही.’’ दोन महिने ते तिच्याशी बोलले नाहीत. आईशीही नाही. त्या दोन महिन्यांत त्या माउलीनं काय सोसलं ते ती मला सांगत नाही, आणि मीही विचारत नाही. मुलीचा पहिला टप्पा पार झालाय, आता मधल्या टप्प्याचा अभ्यास चालू आहे. वडील अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत. मात्र दुकानाची जीएसटीची नोटीस आली तेव्हा त्यांनी तो कागद सल्लागाराकडे न्यायच्या आधी तिच्या टेबलावर ठेवला, असं आई सांगत होती.

सगळ्यांचं असं होत नाही. त्याच वर्षी माझ्याकडे आलेली तिसरी एक मुलगी होती. घरात तीन बहिणी आणि शेवटचा भाऊ. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीला एका कुटुंबातल्या दोनच मुलांची अट आहे. थोरल्या दोघींनी ती घेतलेली, ही तिसरी. मुलगा व्हावा म्हणून जिच्यानंतरही वाट बघितली गेली, तीच नेमकी बाहेर राहिली! तिच्यासाठी आम्ही दुसरं काही शोधतोय तोवर फेब्रुवारीत तिचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला आली होती. म्हणाली, ‘‘काकू, सासरचे शिकवतो म्हणालेत.’’ तिच्या सासरचा पत्ता मी घेऊन ठेवलाय. लग्नानंतर मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायचा झाला, तर यशवंतराव चव्हाण विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र तिच्या सासरच्या तालुक्यालाही आहे, ते मी बघून आले.

ज्यांच्या घरी आत्ता अकरावी-बारावीतली मुलगी आहे, त्यांनी जूनची वाट बघू नये. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून एप्रिल उजाडला की लगेच नवीन काढायला टाका. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण तलाठी विचारलंत तरी भेटतील. जात पडताळणीचा अर्ज सायन्सच्या मुलींनी बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करून टाकावा. निकालानंतर तिथं जत्रा असते. मुलीचं बँक खातं तिच्या एकटीच्या नावावर असू द्या, आणि ते आधारला जोडलंय का हे बँकेत जाऊन विचारा. मोबाइल नंबरही तिचा स्वतःचा द्या. बापाचा किंवा भावाचा दिला, तर ओटीपीसाठी त्यांच्या मागे फिरावं लागतं. आणि कपाटात, डब्यात, देवघरामागं कुठं पोस्टाचं पासबुक ठेवलं असेल, तर ते एकदा उघडून त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा.